दंडाचा घेर की टोटल: एका पॉवरलिफ्टरमधल्या मसल डिसमॉर्फियाचं प्रकरण

तक्रार खांद्याची होती. बेंच प्रेस करताना बार छातीपाशी आला की उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ यायची आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. वय २७, उंची १७६ सेंमी, वजन ८६ किलो, स्पर्धेतला गट ८३ किलोचा. फिजिओथेरपिस्टने सहा आठवडे प्रेसिंगचं काम निम्म्यावर आणायला सांगितलं. दहा दिवसांनी तो परत आला तेव्हा दुखणं वाढलेलं होतं, कारण व्यायामाआधी वेदनाशामक गोळी घेऊन त्याने सेट कमी करण्याऐवजी वाढवले होते.

मसल डिसमॉर्फिया, म्हणजे भरदार शरीर असूनही आपण बारीक आहोत असं सतत वाटत राहणं, असलेले खेळाडू बहुतेक वेळा असेच समोर येतात, कुठल्या तरी दुखापतीच्या निमित्ताने. ‘मी फार बारीक दिसतो’ ही तक्रार घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे सहसा कोणी जात नाही. त्या तक्रारीवरचा इलाज म्हणजे जिम, असंच प्रत्येकाला वाटत असतं.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशा खेळाडूंमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून ते उभं केलं आहे, आणि आकडेही त्या चौकटीत बसतील असेच घेतले आहेत.

वहीत काय दिसलं

कोचने दिलेलं वेळापत्रक आठवड्याला चार दिवसांचं होतं. खेळाडूच्या वहीत सहा दिवस निघाले, आणि रात्री घरी डंबेल घेऊन केलेला व्यायाम तर वहीतही नव्हता. छाती, दंड आणि खांद्याची बाजू यांचे आठवड्याला प्रत्येकी २८ ते ३० सेट होत होते. स्नायू वाढवायचे असले तरी एका स्नायूला आठवड्याला १० ते २० जड सेट बहुतेकांना पुरतात. पायांचे सेट मात्र त्याने कोचच्या आकड्यापेक्षाही कमी केले होते. स्क्वॉट आणि डेडलिफ्टवर जगणाऱ्या खेळाडूने पाय कापून दंड वाढवावेत, हे पहिलं खटकणारं.

दुसरं म्हणजे टोटल, स्पर्धेतल्या तिन्ही लिफ्टमध्ये उचललेल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. दोन वर्षांपूर्वी ६०७.५ किलो, ताज्या स्पर्धेत ६०२.५: स्क्वॉट २१५, बेंच १४२.५, डेडलिफ्ट २४५. दोन वर्षं दीडपट काम करून टोटल पाच किलोने खाली आली होती आणि त्याला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. दंडाचा घेर किती, असं विचारल्यावर मात्र उत्तर मिलिमीटरपर्यंत आलं.

तिसरं, आणि सगळ्यांत बोलकं, स्पर्धेच्या आठवड्यात दिसलं. स्पर्धेआधी बारवरचं वजन जड ठेवून सेट साधारण निम्म्यावर आणतात. थकवा उतरतो, ताकद वर येते. पण रोजच्या व्यायामाने स्नायूंना येणारा तात्पुरता फुगवटा, म्हणजे पंप, गेल्यामुळे स्नायू जरा बसल्यासारखे दिसतात, खेळाडूंच्या भाषेत ‘फ्लॅट’ होतात. हे तीन-चार दिवस त्याला सोसवत नव्हते. वजन देण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने कोचला न सांगता बायसेप आणि साइड लॅटरलचे (खांद्याच्या बाजूच्या व्यायामाचे) बारा सेट मारले, आणि दुसऱ्या दिवशी बेंचचा तिसरा प्रयत्न गमावला.

ताकदीच्या खेळात निदानाला इतकी सरळ खूण दुसरी नाही. ताकद आणि आकार एकमेकांच्या आड येतात तेव्हा खेळाडू काय निवडतो, ते बघायचं. टेपर (स्पर्धेआधी सेट कमी करणं), डिलोड (मुद्दाम हलका ठेवलेला आठवडा), दुखापतीतली विश्रांती, गट गाठण्यासाठी वजन उतरवणं, या चारही ठिकाणी हा खेळाडू प्रत्येक वेळी आकार निवडत होता. बॉडीबिल्डिंगमध्ये ही खूण हाती लागत नाही, कारण तिथे आकार हेच खेळाचं मोजमाप असतं.

चौकशी: काय विचारायचं, कसं विचारायचं

‘किती व्यायाम करतोस?’ हा प्रश्न बिनकामाचा आहे. चांगला लिफ्टरही भरपूर व्यायाम करतो, डबे मोजून खातो, लवकर झोपतो. फरक त्या शिस्तीत खंड पडला की दिसतो. सलग तीन दिवस जिम बंद राहिली तर काय होईल, असं विचारल्यावर झपाटलेला पण निरोगी खेळाडू चिडतो, पर्याय शोधतो, आणि तिसऱ्या दिवशी मित्रांबरोबर जेवायला जातो. या खेळाडूचं उत्तर होतं, ‘तीन दिवस मी घराबाहेर पडणार नाही.’

पुढच्या प्रश्नांतून हे निघालं. आरशात बघणं दिवसाला तीस-चाळीस वेळा, दुकानाच्या काचा आणि मोबाइलचा कॅमेरा धरून. दंडाला टेप दिवसातून चार वेळा: उठल्यावर, व्यायामाआधी, व्यायामानंतर आणि झोपताना. एकाच दिव्याखाली काढलेले शेकडो फोटो. उकाड्यातही आत दोन टी-शर्ट आणि वर हुडी. जोडीदारासमोर दिवा बंद करूनच कपडे काढणं. पहाटे तीनला गजर लावून प्रोटीन शेक. फिरतीचं काम असलेली बढती त्याने नाकारली होती, कारण फिरतीत जेवणाच्या वेळा आणि जिम सांभाळता आली नसती. अंगाविषयीचे विचार दिवसाला पाच-सहा तास खात होते. ‘तुम्ही खरंच बारीक आहात की तसं वाटतं?’ यावर तो म्हणाला, ‘लोक मन राखायला चांगलं बोलतात.’

शेवटचं वाक्य नोंदवून ठेवण्याजोगं, कारण निदान लिहिताना रुग्णाला आपल्या समजुतीच्या खरेखोटेपणाची किती जाण आहे, हेही लिहावं लागतं. इथे जाण कमी होती.

आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ शब्दांत विचारायचं. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे आपल्या शरीरात नसलेलं किंवा नगण्य व्यंग सतत जाणवत राहण्याचा आजार, यात हा धोका बराच वाढलेला असतो, आणि पिळदार शरीर बघून हा प्रश्न गाळला जातो. या खेळाडूला ‘जगण्यात काही अर्थ नाही’ असं अधूनमधून वाटायचं. बेत नव्हता, साधनांची जुळवाजुळव नव्हती. तरीही अडचणीच्या वेळी कुणाला फोन करायचा हे त्याच भेटीत ठरवून लिहून दिलं गेलं.

निदान आणि मोजमाप

हार्वर्डचे हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली १०८ बॉडीबिल्डरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ९ जणांना भरदार शरीर असूनही आपण किडकिडीत आहोत असं वाटत होतं. तेव्हा या अवस्थेला ‘रिव्हर्स ॲनोरेक्सिया’ म्हटलं गेलं, १९९७ मध्ये ‘मसल डिसमॉर्फिया’ हे नाव आलं, आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत, बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरचा एक उपप्रकार म्हणून तिला जागा मिळाली. ती खाण्याच्या विकारांत न टाकता ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह गटात ठेवली आहे. याला उपचारात अर्थ आहे: आरसा, टेप आणि रात्रीचा शेक हे कर्मकांड मानून हाताळायचे असतात, वाईट सवयी म्हणून नाही.

दोन प्रश्नावल्या वापरल्या. मसल डिसमॉर्फियाची लक्षणं विचारणाऱ्या एमडीडीआयमध्ये १३ प्रश्न, गुण १३ ते ६५. ३९ च्या वर गेलं की नीट तपासणी करायची असा सर्वसाधारण पायंडा. याचे ४८ आले. दुसरी बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरसाठीची बीडीडी-वायबीओसीएस, १२ प्रश्न, ० ते ४८, तिथे २९. पहिली चाळणी आहे, दुसरी आजाराची तीव्रता मोजते. केवळ पहिलीच्या आकड्यावर निदान लिहू नये. प्रश्नावली स्पर्धेच्या तोंडावरही देऊ नये. वजन उतरवत असलेल्या कुठल्याही लिफ्टरचे गुण त्या आठवड्यात फुगतात.

शरीरातली चरबी १३ टक्के धरली तर चरबीविरहित वजन ७४.८ किलो, आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागल्यावर एफएफएमआय (चरबीविरहित वजनाचा निर्देशांक) सुमारे २४.२ येतो. औषधांशिवाय २५ च्या पुढे फार थोडे जातात. म्हणजे हा ‘बारीक’ खेळाडू नैसर्गिक मर्यादेच्या उंबरठ्यावर उभा होता. मात्र हा आकडा रुग्णाला पुरावा म्हणून दाखवण्यात हशील नाही. तो लगेच २५ चं लक्ष्य ठेवतो.

औषधं आणि रक्ताचे अहवाल

‘स्टिरॉइड घेता का?’ असं विचारलं की ‘नाही’ येतं. काय सांगितलं तर कुणाला कळेल, संघटनेला कळेल का, हे आधी स्पष्ट करून मग ‘आतापर्यंत काय काय वापरून झालं?’ असं विचारलं तर यादी येते. याने दोन सायकल, म्हणजे ठरावीक आठवडे स्टिरॉइड घेण्याचे दोन टप्पे, केल्या होत्या, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडावाटे गोळी. शेवटची सायकल पाच महिन्यांपूर्वी संपली होती. ती बंद केल्यावर चार किलो उतरले आणि आरशापुढची पाळी वाढली, हे त्याने स्वतःच सांगितलं.

पहिल्या अहवालाने घोळ घातला. लिव्हरसाठी बघितली जाणारी एएसटी, एएलटी ही एन्झाइम वाढलेली, किडनीसाठी बघितलं जाणारं क्रिएटिनीन १.४, म्हणजे थोडं जास्त. आधी कुठेतरी त्याला ‘लिव्हर आणि किडनी गेली’ असं सांगून घाबरवलं होतं, आणि तिथे तो पुन्हा फिरकला नाही. वास्तविक रक्त जड डेडलिफ्टच्या दुसऱ्या दिवशी घेतलेलं होतं. एएसटी आणि एएलटी स्नायूंतूनही येतात. लिव्हरचं एन्झाइम जीजीटी नॉर्मल आणि स्नायूंचं एन्झाइम सीके वाढलेलं असेल तर आधी स्नायूंकडे बघायचं. भरपूर स्नायू आणि रोजचं क्रिएटिन यांमुळे क्रिएटिनीनही वर दिसतं, तिथे सिस्टॅटिन-सी तपासलं की किडनीचा खरा अंदाज येतो. सहा दिवस व्यायाम बंद ठेवून रक्त पुन्हा घेतलं तेव्हा एन्झाइम जागेवर आले होते, सिस्टॅटिन-सी नॉर्मल होतं.

खरी अडचण दुसरीकडे निघाली. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन २३५ च्या आसपास (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर), म्हणजे कमी, आणि वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन एलएच १.९. बाहेरून हार्मोन दिलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश थांबतो आणि औषध बंद केल्यावर तो पूर्ववत व्हायला महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. पण इथे दोष एकट्या सायकलचा नव्हता. वजन उतरवण्याच्या काळात तो दिवसाला २,२५० कॅलरी खात होता आणि व्यायामात सुमारे ५०० जाळत होता. उरलेल्या १,७५० ला ७४.८ ने भागलं की चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे २३ कॅलरी येतात. ३० च्या खाली शरीर काटकसर सुरू करतं आणि प्रजनन हार्मोनवर पहिली कात्री चालते. पुरुषांसाठी ही रेषा तितकी पक्की नसली तरी २३ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

म्हणून टेस्टोस्टेरॉन सुरू केलं नाही. ते दिलं असतं तर उरलासुरला एलएचही दबला असता, आणि ‘इंजेक्शनशिवाय मी कोणीच नाही’ या समजुतीवर डॉक्टरांचा शिक्का बसला असता. आहार सुधारून तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं ठरलं. इथे खेळाडूंच्या डॉक्टरांनी एक लक्षात ठेवावं: सायकलनंतर ‘रिकव्हरी’साठी सर्रास सुचवली जाणारी क्लोमिफीन, टॅमॉक्सिफेन आणि एचसीजी हीदेखील पुरुष खेळाडूंसाठी वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहेत. स्टिरॉइडमुळे उतरलेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी उपचाराची सूटही मिळत नाही.

उपचार

‘जिम बंद कर’ हा सल्ला त्याला आधी मिळाला होता. त्याने जिम बदलली, एवढंच. जिम हेच ज्याचं काम, मित्रमंडळ आणि ओळख, त्याला ती तोडायला सांगितली की तो उपचार तोडतो. त्यामुळे खेळ चालू ठेवायचा, पण व्यायामाचा कुठलाही निर्णय आरसा किंवा टेप बघून घ्यायचा नाही, ही चौकट ठरली. सेट, वजन, डिलोड कोच ठरवणार. वजनकाटा आठवड्यातून एकदा, तोही कोचसमोर.

मानसोपचार २४ आठवड्यांत २० बैठकांचा होता: बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डरसाठी बेतलेली कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, आणि तिचा कणा म्हणजे भीतीला सामोरं जाऊन कर्मकांड रोखणं. खेळाडूने स्वतः ० ते १०० मध्ये अस्वस्थतेचे गुण देऊन पायऱ्या लावल्या. एकच टी-शर्ट घालून जिमला जाणं ३५. टेप आठवड्यातून एकदा ४०. पहाटेचा शेक बंद ४५. आरसा नसलेल्या प्लॅटफॉर्मवर सराव ५०. न मोजता बाहेरचं जेवण ६०. पूर्ण डिलोडचा आठवडा ७०. पोहण्याच्या तलावावर शर्ट काढणं ८५. सात दिवस पूर्ण विश्रांती ९५.

खेळाच्या वेळापत्रकात डिलोड जवळ आला होता म्हणून कोचने दुसऱ्याच आठवड्यात ७० ची पायरी गाठायचा आग्रह धरला. खेळाडूने डिलोड पाळला आणि रात्री घरी दंड मारले. खालच्या पायऱ्यांवर अस्वस्थता आपोआप उतरते हा अनुभव गाठीला नसताना वरची पायरी घेतली की कर्मकांड लपून होतं, आणि लपून झालेलं जास्त पक्कं होतं. पुन्हा ३५ पासून सुरुवात झाली. डिलोड अकराव्या आठवड्यात जमला.

टेपवर मात्र उशिरा नाही, तिसऱ्याच बैठकीत काम झालं. एका तासात तोच दंड, तीच टेप, पाच मापं: खेळाडूने स्वतः दोनदा, थेरपिस्टने दोनदा, फिजिओने एकदा. सगळ्यांत कमी ४०.६ सेंमी, सगळ्यांत जास्त ४१.४. टेप किती ताणली, दंडावर कुठे धरली, कोपर किती वाकलेला, एवढ्यावरच आठ मिलिमीटरचा फरक पडला. आदल्या आठवड्यात तीन मिलिमीटर कमी भरले म्हणून तो एका वाढदिवसाला गेला नव्हता. यावर वाद घालायची गरज पडली नाही. मापं कागदावर होती.

आरशाचा सराव वेगळा. नेहमी तो आरशापासून वीतभर अंतरावर, अंगाची एक बाजू वळवून, फक्त दंड आणि खांदा बघायचा. सरावात हातभर मागे उभं राहायचं, साधा उजेड, स्नायू आवळायचे नाहीत, आणि डोक्यापासून पायापर्यंत पाच मिनिटं जे दिसतं ते चांगलं-वाईट न ठरवता मोठ्याने सांगायचं. ‘खांदे किडके’ नाही. ‘खांदे कमरेपेक्षा रुंद आहेत, डावा किंचित खाली आहे’ असं. पहिल्या वेळी गुडघ्यांबद्दल काय बोलावं हे त्याला सुचेना. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने ते बघितलेच नव्हते.

घरच्यांचं एक काम होतं, आणि ते अवघड होतं: ‘अरे, केवढा दिसतोस’ असं म्हणणं थांबवायचं. दिलाशाचा असर दहा मिनिटं टिकतो, मग पुन्हा विचारावं लागतं. म्हणजे दिलासाही कर्मकांडाचाच भाग होतो. जोडीदाराला एक ठरलेलं वाक्य दिलं: ‘याचं उत्तर मी देणार नाही, हे आपण ठरवलंय.’ पहिले दोन आठवडे घरात भांडणं झाली. कोचलाही ‘आज सुकलायस’, ‘काय फुगलायस’ ही जिममधली थट्टा बंद करायला सांगितलं. कौतुक करायचं तर बारच्या वाटेचं, स्क्वॉटच्या खोलीचं, वेगाचं करावं.

आहारात दोन टोकं होती, फुगवताना ३,९०० कॅलरी आणि उतरवताना २,२५०. ती काढून सरासरी ३,१०० वर आणलं. व्यायामाचा खर्च ४५० धरला तर दर किलो चरबीविरहित वजनामागे ३५ कॅलरी उरतात. प्रोटीन ३०० ग्रॅमवरून १५५ वर, म्हणजे वजनाच्या किलोमागे १.८ ग्रॅम. स्नायूवाढीचा फायदा साधारण १.६ ग्रॅमच्या आसपास सपाट होऊ लागतो. प्रोटीन कमी करताना त्याची अस्वस्थता ८० पर्यंत गेली, जी पायऱ्यांच्या यादीत कुणी धरलीच नव्हती.

गुण जास्त आणि मनःस्थिती खालावलेली, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाने फ्लुऑक्सेटिन २० मिग्रॅपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ६० पर्यंत नेलं. या आजारात नैराश्यापेक्षा मोठा डोस लागतो आणि परिणाम जोखायला १२ आठवडे थांबावं लागतं. चौथ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून गोळी बंद करणं ही नेहमीची गफलत. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वजनात थोडा फरक पडणं शक्य आहे, हे आधीच सांगून ठेवलं. अंगातल्या प्रत्येक बदलावर पाळत ठेवणाऱ्याला हे नंतर कळलं तर तो गुपचूप गोळी सोडतो. हे औषध बंदी यादीत नाही.

२४ आठवड्यांनंतर

एमडीडीआय ४८ वरून ३४, बीडीडी-वायबीओसीएस २९ वरून १७, म्हणजे ४१ टक्के घट. तीस टक्के घट हा उपचार लागू पडल्याचा मान्य निकष आहे. सकाळचं टेस्टोस्टेरॉन ४१० वर आलं. खांदा चौदाव्या आठवड्यापासून बेंचला दुखत नाही. त्यानंतरच्या स्पर्धेत टोटल ६१०: स्क्वॉट २१७.५, बेंच १४२.५, डेडलिफ्ट २५०.

टोटल वाढली ही चांगली बातमी, पण तिच्याकडे सावधपणे बघायला हवं. स्पर्धेनंतर आठवडाभर तो दर संध्याकाळी आपल्या लिफ्टचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता आणि बार किती वेगाने उठला ते मोजत होता. आरशाची जागा आकड्याने घेतली तर आजार फक्त कपडे बदलतो. व्हिडिओ बघण्यालाही टेपचाच नियम लावला: आठवड्यातून एकदा, कोचबरोबर.

तलावाची पायरी अजून झालेली नाही. सात दिवसांची विश्रांतीही एकदाच झाली, तापामुळे, आणि तेव्हा टेप दोनदा बाहेर आली. पुन्हा घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: दुखापत, आजारपण, नातं तुटणं, स्पर्धेनंतरचा रिकामा महिना आणि वजन उतरवण्याचा काळ. शेवटची टाळता येते, म्हणून पुढचं वर्षभर गट एकने वर न्यायचा आणि वजन उतरवायचंच नाही, असं कोचने ठरवलं आहे. खेळाडूची हरकत एवढीच होती की वरच्या गटात बाकीचे त्याच्यापेक्षा मोठे दिसतील. ती हरकत पुढच्या बैठकीच्या यादीत ६५ गुणांसह लिहिली गेली. पहिले तीन महिने महिन्यातून एक भेट, मग दर तीन महिन्यांनी. टेप दिवसाला एकापेक्षा जास्त वेळा निघाली, वहीत नसलेला व्यायाम सलग दोन दिवस झाला किंवा नवीन सायकलचा विचार मनात आला, तर तारखेची वाट न बघता फोन करायचा.